पळसबोडीच्या विमानात बसण्याआधी

मी, मनसाराम नथ्थू नान्हे, वय एकसष्ट, जन्माचा धंदा मासेमारी, सध्या धावपट्टीवर फटाके फोडून पाखरे हाकलण्याच्या नोकरीत, राहणार पळसबोडी, तालुका आरमोरी, जिल्हा गडचिरोली, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, दारू घेतलेली नाही, कोणी धाक घातलेला नाही. भीती वाटते आहे, ती मात्र लपवत नाही.

१. कारण. येत्या सोमवारी सकाळच्या विमानाने मी हैदराबादला जाऊन त्याच विमानाने संध्याकाळी परत येणार आहे. तिकडे माझे काडीचे काम नाही. एक खुर्ची भरायची म्हणून जातो.

आमच्या गावातून पन्नास खुर्च्यांचे लहान जेट उडते. मोठ्या विमानाला आमची धावपट्टी पुरत नाही, आणि एवढे लहान जेट आता कोणी नवीन बनवत नाही म्हणतात. तेल मात्र ते मोठ्यासारखेच पिते. निम्म्या खुर्च्यांचा तोटा सरकार भरून देत होते, ती मुदत या महिन्यात संपते. खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर मुदत वाढणार नाही आणि कंपनी गाशा गुंडाळेल. चामोर्शीचा व्यापारी एसटीने जातो, खाणीचे साहेब स्वतःचे विमान आणतात, मग यात बसणार कोण? म्हणून कंपनीने आपल्या नोकरांच्या घरी तिकिटे वाटली आहेत.

माझी एकुलती एक मुलगी दिव्यानी त्या विमानात हवाईसुंदरी आहे. ती म्हणाली, "बाबा, एक डाव बसा ना. गाडी भरलेली दिसली तं माही नोकरी वाचन." यावर बाप नाही कसा म्हणेल?

२. धास्ती. कंपनीने तीन विमाने आणली होती. पहिले शेडमागे उभे आहे. सुटे भाग मिळेनात म्हणून त्याच्या अंगावरचे काढून बाकी दोघांना लावले. दिवाळीनंतर दुसरेही उभे राहिले, आता त्याचेही सामान निघते आहे. पहिल्याच्या पोटात साळुंक्यांनी घरटी केली आहेत. त्यांना मी हाकलत नाही. मला पगार आहे तो उडणाऱ्या विमानासाठी.

कंपनीचा इंजिनियर पोरगा म्हणतो, "भाऊ, सारं तपासूनच लावतो, भेऊ नका." तपासत असतील, मी कशाला खोटे बोलू? पण उरलेले एक रोज सकाळी उडते तेव्हा ते दिसेनासे होईपर्यंत मी धावपट्टीवरून हलत नाही, आणि संध्याकाळी ते उतरल्याशिवाय घरी जात नाही.

३. रीत. आम्हा ढिवरांमध्ये एका घरची दोन माणसे एका डोंग्यात बसत नाहीत. डोंगा उलटला तर घर सांभाळायला मागे कोणी राहावे म्हणून. माझा बाप आणि काका वैनगंगेच्या पुरात एकाच जाळ्याला हात लावत, पण दोन डोंग्यांतून. सोमवारी ही रीत मी मोडणार आहे. दिव्यानीला म्हटले, त्या दिवशी सुट्टी घे. ती म्हणाली, "सुट्टी कोण देते? दुसरी पोरगी काम सोडून गेली. आन माही तं रोजचीच ड्युटी हाय, तवा नाई भेव लागत तुमाले?"

लागते, माय. रोज लागते. तुला कधी बोललो नाही.

४. वाटणी. राहते घर व परसातली चिंच पत्नी प्रेमिला हिला. धानाची मोठी बांधी, म्हणजे बांधाचे शेत, धावपट्टीत गेली, उरलेली लहान बांधी आणि बँकेतली शिल्लक दिव्यानीला. नोकरी गेली तर तिने त्यातून दुसरे काही शिकावे, देवानंदचा सल्ला घेऊ नये. डोंगा व जाळी गावच्या मासेमार संस्थेला.

५. देवानंद. हा माझा चुलतभाऊ. गावात तिकिटे वाटण्याचा ठेका याच्याकडे आहे. आपल्या तलावाचा मासा विमानाने हैदराबादला विकला जाईल असे याने ग्रामसभेत छाती ठोकून सांगितले, म्हणून आम्ही जमिनीच्या कागदावर सह्या केल्या. मासळीची एक टोपली गेली. वास येतो म्हणून दुसरी घेतली नाही. आता चौकात म्हणतो, "मनसाराम भेकड हाय." त्याला माझ्या मालमत्तेतले काही नाही. तेरवीला पोटभर वाढा, पण बोलू देऊ नका.

६. हा कागद कसा लिहायचा ते सांगणाऱ्या वकीलबाईंनी विचारले, "तुम्ही आणि मुलगी, दोघेही परत आला नाहीत तर?" मला राग आला होता. पण प्रश्न बरोबर आहे. तसे झाल्यास सर्व काही प्रेमिलाचे. ती घरी आहे, एवढाच मला धीर.

७. हे कलम संध्याकाळी जोडले. वरचे सर्व प्रेमिलाला वाचून दाखवले. ती उठून आत गेली आणि नवे लुगडे व तिकीट घेऊन आली. ते तिकीट देवानंदने तिला गुपचूप दिले होते.

"पोरगी आभाळात कशी काम करते, थे मी कधी पाह्यलं का? तुमी पाहान आन मी घरी बसू?"

"प्रेमिला, एका घरचे तिघं? अवो, पागल झाली का तू?"

"दिव्यानीले सांगून देलं. खिडकीची जागा देते म्हणे मले."

मी ओरडलो, हात जोडले. तिने ऐकले नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तिने स्वतःसाठी काही मागितले होते. तिकीट हिसकावायला माझा हात उठला नाही.

म्हणून कलम सहा रद्द. आम्हा तिघांपैकी कोणीच उरले नाही तर बांधी व शिल्लक मासेमार संस्थेची, आणि घर शेजारच्या विधवा वच्छलाबाईचे. तिचे छप्पर गळते. चावी तिच्याकडे आजच दिली आहे. सोमवारी दिवे लागेपर्यंत विमान उतरले नाही, तर तिने कोणाची वाट न पाहता कुलूप उघडावे आणि आत राहायला जावे.

लिहून देणार: मनसाराम नथ्थू नान्हे (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. पोचू मारबते, जाळी विणणारे (सही)
२. नीलाबाई शेंडे, मासळी विक्री (डाव्या हाताचा अंगठा)

पळसबोडी, शनिवार, ८ मार्च २०२५