खोडलेला टोला

भंडारा,
१२ ऑगस्ट २००१

ती. रत्नमालाबाईस,
जीवनचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही इकडे मजेत आहोत, तुझी आणि मायची खुशाली कळव. सोबत एक पुस्तिका पाठवतो आहे, 'आपले गाव सालईमेटा : इतिहास आणि भूगोल'. गावच्या शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून हेडमास्तरांनी ती माझ्याकडून लिहून घेतली. जिल्ह्याचे दोन तुकडे झाल्यापासून जुनी पुस्तकं निकामी झाली आहेत. अर्धी गावं गोंदियात गेली आणि नकाशे कपाटात तसेच पडले. म्हटलं, आपलं गाव तरी नीट लिहून ठेवावं.

तीन टेकड्या, त्यांच्या पायथ्याचा मालगुजारी तलाव, मंगळवारचा बाजार, मोठ्या टेकडीत मँगनीज कसं सापडलं आणि खाण कधी बंद पडली, सगळं त्यात आलं आहे. मधल्या पानावरचा नकाशा मी स्वतः काढला. भूगोलाचा मास्तर म्हणवतो, तेवढं तर यायलाच हवं. तृप्ती पाचवीत गेली. नकाशा रंगवायला तीच माझ्याशेजारी बसली होती.

कार्यक्रमाला यायचं मनात होतं, पण इथे चाचणी परीक्षा आडव्या आल्या. मायला म्हणावं, दिवाळीनंतर इकडेच ये, टेकडी चढून-उतरून गुडघे दुखवून घेऊ नको. पुस्तिका वाच आणि चुका काढ. लहानपणापासून तुला तेच आवडतं.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा भाऊ,
जीवन


सालईमेटा, वरचा टोला,
९ सप्टेंबर २००१

चि. जीवन यास,
तुह्या बाईचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र आणि पुस्तक भेटलं. अंगणवाडीतून आली आणि हात धुवून पहिले तेच वाचाले घेतलं. मायले मोठ्यानं वाचून दाखवलं. मोठी टेकडी साडेचारशे मीटर उंच आहे असं तू लिहिलंस. माय म्हणते, मीटर मले समजत नाई, मी तं डोक्यावर पाण्याचे दोन गुंड ठेवून मोजली आहे तिले. तलाव कोण्या मालगुजारानं बांधला, खाण कोण्या साहेबानं उघडली, सारं वाचलं. उन्हात बसून हातोडीनं माल निवडणाऱ्या बायांचं एखादं वाक्य येईन म्हणून माय आयकत होती. आलं नाई. तरी पोरानं पुस्तक लिहिलं म्हणून खुश आहे. शेजारच्या शकुनबाईले दोनदा दाखवून आली.

मंग मायनं नकाशाचं पान मांडीवर घेतलं आणि आपलं घर कुठं आहे ते बोटानं दाखव म्हणाली. मी पाहिलं. शाळा आहे, बाजार आहे, देऊळ आहे, पंचायत आहे, खालचा टोला आहे. मोठ्या टेकडीच्या अंगावर आपला वरचा टोला, आपल्या वस्तीची चाळीस घरं आणि बुद्धविहार आहे, तिथं 'जुनी खाण व पडीक जमीन' असं छापलं आहे. मी मायले सांगतलं का छापणाऱ्याची शाई पुरली नसन. तिनं मान हलवली आणि पुस्तक पेटीत ठेवून देलं.

मले सांग भाऊ, हे काहून झालं? तू तं दिशा चुकत नाईस कधी.

भावजयीले आणि तृप्तीले जवळ घेतलं म्हणून सांग.
तुही बाई,
रत्नमाला


भंडारा,
३० सप्टेंबर २००१

ती. बाईस,
जीवनचा सविनय जयभीम.

तुझं पत्र मिळालं. घाईत लिहितो आहे. नकाशाचं पान लहान होतं, त्यामुळे फक्त मुख्य वस्ती दाखवता आली. प्रमाण धरून काढायचं म्हटलं की काही भाग सोडावाच लागतो. पुढची आवृत्ती निघाली तर सुधारून घेऊ. मायसाठी गुडघ्याचं मलम गावच्या एका माणसाबरोबर पाठवलं आहे, सकाळ-संध्याकाळ चोळायला सांग. बाकी विशेष नाही.

राग धरू नकोस.
जीवन


सालईमेटा, वरचा टोला,
४ जानेवारी २००२

चि. जीवन यास,
बाईचा जयभीम.

मलम भेटलं. माय बरी आहे. आता जे लिहून राहिली ते शांत बसून वाच.

गावात नळयोजना येऊन राहिली. मागच्या हप्त्यात सर्वे कराले माणूस आला होता. त्याची जीप वळणापर्यंत आली, पुढं चढत नाई हे तुले माहीतच आहे. तो तिथूनच वापस जाऊन राहिला होता. यादोरावनं त्याले अडवलं आणि वर आणखी वस्ती आहे, चढून पाहा म्हणून सांगतलं. आपला यादोराव, तुह्यासंगं सातवीपर्यंत एका बाकावर होता, आता पंचायतीत निवडून आला आहे. त्या माणसानं पिशवीतून तुहं पुस्तक काढलं. त्याले ते शाळेतून भेटलं होतं. मधलं पान उघडून त्यानं यादोरावले दाखवलं का वर पडीक जमीन आहे. गावच्याच मास्तरानं काढलेला नकाशा आहे, तो काय खोटा असन, असं म्हणाला.

टाकी मधल्या टेकडीवर होणार आहे. नळ बाजारात, खालच्या टोल्यात आणि शाळेपाशी. आपलं नाव यादीत नाई. इथल्या बाया खालच्या विहिरीवरूनच पाणी आणतीन, जसं माय चाळीस वर्षं आणून राहिली.

यादोराव घरी आला होता. हे पुस्तक आपल्या जीवनचंच आहे का, एवढंच त्यानं विचारलं. मी हो म्हणाली. त्यानं चहा तसाच ठेवून चपला घातल्या आणि गेला. मले जमीन पोटात घेईन तं बरं असं झालं.

२६ जानेवारीले ग्रामसभा आहे. यादी तिथं पक्की होईन. कागद लहान होता हे तू मले सांगतलंस, ते सभेत येऊन सांगशीन का?

वाट पाहून राहिली.
रत्नमाला


भंडारा,
१४ जानेवारी २००२

ती. बाईस,
जीवनचा जयभीम.

चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं पत्र आहे.

शाई पुरली होती. कागदही पुरला होता. वरचा टोला मी काढला होता. चाळीस घरांचे ठिपके, विहाराचा चौकोन, वळणापासून वर जाणारी पायवाट, सगळं पेन्सिलीनं काढलं होतं. मग खोडरबर घेतलं आणि खोडलं.

नोकरी लागली तेव्हा शाळेतल्या एकानं विचारलं की सालईमेट्यात घर कुठे. मी म्हणालो, बाजारगल्लीत, शाळेच्या शेजारी. आपण कोण आहोत ते मी कधी लपवलं नाही, जयभीम सगळ्यांसमोर करतो. पण खाणीच्या टाकाऊ दगडांवर उभं केलेलं कुडाचं घर, चपराशाच्या शिव्या ऐकत माल निवडणारी माय, हे सांगायला जीभ उचलली नाही. त्या दिवशी सांगितलेलं खोटं पंधरा वर्षं सांभाळत आलो. पुस्तिका स्टाफरूममध्ये सगळे वाचणार होते.

नकाशा रंगवताना तृप्तीनं विचारलं, बाबा, आपलं घर यात कुठं आहे. मी बाजारगल्लीवर बोट ठेवलं. तिनं तिथे पिवळा रंग भरला. तिला मी कधी टेकडीवर आणलं नाही. दरवेळी मायलाच इकडे बोलावलं आणि कारण तिच्या गुडघ्यांचं सांगितलं. त्या गुडघ्यांनी टेकडी उतरायची ती तिनंच, आणि काळजी केल्याचं समाधान माझं.

परवा तृप्तीला सगळं सांगितलं. तिनं मला दोष दिला नाही. आजीला हे माहीत आहे का, एवढंच विचारलं.

योजनेच्या साहेबांना दुरुस्त नकाशा आणि अर्ज पाठवला आहे. सव्वीस तारखेला तृप्तीला घेऊन येतो. सभेत कागदाचं कारण सांगणार नाही. मायला आधी तू काही सांगू नकोस, ते माझं काम आहे.

माफी मागायचा अधिकार उरला आहे की नाही, तू ठरव.
जीवन


सालईमेटा, वरचा टोला,
१० फेब्रुवारी २००२

चि. जीवन यास,
बाईचा जयभीम आणि तृप्तीले गोड पापा.

सभेत तू पुढं माइकजवळ होतास. मागचं तुले दिसलं नसन, म्हणून लिहून राहिली.

तू म्हणालास, 'टोला मीच खोडला. मले त्याची लाज वाटत होती.' इतक्या वर्षांनी तुह्या तोंडून 'मले' आयकलं. बाजारातले दोघं-तिघं हासले. शकुनबाईनं तोंडाले पदर लावला. तिनं मायसंगं एकाच ढिगावर माल निवडला आहे. यादोराव उठून बाहेर गेला आणि आपला टोला यादीत घालाले हात वर कराच्या वेळेलेच आत आला.

मायले आता कमी आयकू येते. जीवन काय म्हणून राहिला, असं ते मले विचारत होती. मी टाळलं. तिनं पुन्हा विचारलं. मंग तुहं वाक्य मले तिच्या कानात जसंच्या तसं म्हणा लागलं. मले वाटलं, आता माय उठून जाते. ते तिथंच बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. मंग मले म्हणाली, 'बसू दे त्याले आता. कवाचा उभा आहे.'

तू घरी आलास तेव्हा मायनं तुले काहीच विचारलं नाई. तिच्या मनात काय आहे ते मलेही माहीत नाई. तृप्ती तिच्या मांगं मांगं विहिरीवर गेली आणि अर्धा गुंड डोक्यावर आणला, एवढं ते शेजारीपाजारी सांगत असते.

बुधवारी नळयोजनेचा साहेब स्वतः वर आला. यादोरावनं त्याले दारोदार फिरवलं. घरं त्रेचाळीस भरली. औंदा पाइप वळणापर्यंतच येईन, पुढचं काम पुढच्या सालच्या प्रस्तावात टाकतो म्हणाला. टाकते का नाई, पाहू. वळण तरी विहिरीपेक्षा जवळ आहे. यादोराव तुही आठवण काढत नाई. काढते असं खोटं मी लिहिणार नाई.

आता माही गोष्ट. माफी मागाचा अधिकार आहे का, असं तू विचारलंस. तू शाळेत जात होतास तेव्हा रोज सकाळी नाल्यावर मी तुहे पाय दगडानं घासत होती. टाचेवरची खाणीची काळी माती निघेपर्यंत घासत होती. कुठून आलास ते खालच्या पोरांले समजू देऊ नको, असं मीच तुले शिकवलं. तुले लागत होतं, तू रडत होतास, तरी मी सोडत नव्हती. सात-आठ वर्षांचा होतास. तू विसरला असशीन. मी विसरली नाई. तुहं पत्र वाचलं आणि पहिले तेच डोळ्यापुढं आलं.

तू सगळ्या गावापुढं उभा राहून बोललास. मी मायजवळ एका चुलीपाशी बसते, तरी हे तिले सांगाची हिंमत मले अजून झाली नाई.

येत जा. पोरीले आणत जा.
तुही बाई,
रत्नमाला