दुसऱ्याच्या नावाचा शर्ट

दादा,

आई फोनवर रडत होती. तू घरी सांगितलंस म्हणे, धाकटा थापा मारतो, हॉटेलात कामाला नाहीच.

इथं काम सोडून गेलेल्याचा शर्ट नव्याला देतात. छातीवर शिवलेलं नाव त्याचंच, आणि सगळे त्याच नावाने मला हाका मारतात. तू हॉटेलच्या गेटवर येऊन माझं नाव विचारलंस, तेव्हा गार्ड म्हणाला, "असा कुणी नाही इथं." मी तेव्हा खाली तळघरात चादरींना इस्त्री करत होतो.

नंतर गार्डला माझं खरं नाव सांगितलं, तर हसला. "अरे, तो तू होय!"

त्याचा राग नाही. पण माझा नंबर तुझ्याकडे होता, दादा. एक फोन केला असतास, तर धावत वर आलो असतो. तुला मी खोटाच निघायला हवा होतो.

हे पत्र धाडत नाही. घरच्याच माणसांना कसला खुलासा द्यायचा?

तुझा,
धाकटा