मैनेच्या नाकावरचा पट्टा

पोलादपूर,
३ डिसेंबर १९७८

प्रिय नीला,
सप्रेम जयभीम.

तिकडे मुंबईत यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे तुझ्या कार्डावरून कळलं, जीव भांड्यात पडला. त्यांनी सांगितलं तेच तू लिहिलंस, तुझ्यावर राग नाही. पण हिशेबाची सवय माझी, म्हणून ओळी मोजल्या. अकरा. एक ऑपरेशनची. नऊ मैनेच्या: तिचा पेंढा उन्हात घाल, खुरांत खडे अडकलेत का बघ, तिच्याशी रोज बोल. आणि माझी एक. 'ललिता बरी असेलच.'

घोडीवर जळते म्हणून हसशील. शेजारची काशीबाई तर विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणाली, 'गो ललिता, सवत आणायची व्हती तर दोन पायांची तरी आणायची त्याने!' बायका हसल्या, मीही हसले. घरी येऊन मैनेच्या गुळाचा डबा मात्र फडताळात वरच्या फळीवर ठेवला.

तुला ठाऊकच आहे, फौजेत हे मोतद्दार होते. स्वारी साहेब लोक करायचे, हे घोड्यांची लोखंडी लगामाने रक्ताळलेली तोंडं धुवायचे. स्वाराचं बोटही हलताना दिसू नये आणि घोड्याने आठाच्या आकड्यात फिरावं, पायावर पाय टाकत आडवं चालावं, जागच्या जागी दुडकावं, या कवायतीला साहेब ड्रेसाज म्हणायचे. यांनी तेव्हाच ठरवलं होतं की आपण हे तोंडात लोखंड न घालता करून दाखवायचं. पेन्शनीत आल्यावर मैना आणली आणि भात कापलेल्या खाचरात सुरुवात केली. वाडीतली माणसं बांधावर बसून ओरडायची, 'काशीराम, घोडीला लेझीम शिकवतोस काय रे?' हे हसून सोडून द्यायचे.

लगामाऐवजी तिच्या नाकावर बांधलेला पट्टा आधी दोराचा होता, तो तिला काचायला लागला. म्हणून माझ्या लग्नातल्या लुगड्याचा काठ फाडून, वळून नवा केला. मला न विचारता. आणि स्वारी करताना तिच्या कानाशी काय बोलतात ते मी ओट्यावरून ऐकलंय. 'वळतेस का, बाय? जमेल का तुला?' नीला, बावीस वर्षं झाली, मला ते फक्त 'चहा' म्हणतात. 'पाणी.' 'जेवायला.'

आता खरं ते लिहिते. हे मुंबईला गेले त्याच आठवड्यात मी महाबळेश्वरच्या कुशाबाला निरोप धाडला, मैना विकायची आहे म्हणून. पाहुण्यांना घोड्यावर फिरवायचा त्याचा धंदा. आणि त्याच दिवशी यांना कार्ड टाकलं की मैना मजेत आहे. तेव्हापासून सकाळच्या वंदनेत 'मुसावादा'पाशी जीभ अडखळते. खोटं बोलणार नाही असं रोज म्हणायचं, आणि रोज खोटंच.

गुरुवारी कुशाबा आंबेनळी घाट उतरून आला. पट्टा बघून म्हणाला, 'वहिनी, हे काय पोराचं खेळणं? घाटात पळून जाईल की!' पट्टा काढून माझ्या हातात दिला आणि मैनेच्या तोंडात लोखंड कोंबलं. तिने मान झटकली, तो ओढत राहिला. फेस आला, मग फेसात लाल. ती माझ्याकडे बघत होती. मी जोरात ओरडले, 'काढ आधी ते! विकायची नाय मला!' माझ्या तोंडी 'नाय' कधी येतं का? त्या दिवशी आलं. बडबडत गेला बिचारा.

पट्टा मीच परत चढवला. घाईत एक बाजू जरा जास्त ओढली गेली असेल. तेवढ्यावर मैना अंगणात पायावर पाय टाकत आडवी चालायला लागली, ओठातून रक्त गळत असताना. तेव्हा कळलं, किती कमी लागतं. आणि नीला, तेव्हा मी जास्तच जळले. असं हळू कुणी मला वळवलं असतं तर मी कुठवर गेले असते!

ओठ आता भरत आलाय, हळद लावते. गूळही देते. हे पत्र मी तुला लिहिलंय, पण वाचून दाखवायचं त्यांना. सगळं, काशीबाईचं बोलणं आणि कुशाबाचंही. डोळ्यांवरची पट्टी सुटायच्या आत वाच. ते माझ्याकडे बघायला लागले की मला यातलं एक अक्षर बोलता येणार नाही. रागावले तर रागावू देत. फक्त शेवटी एवढं सांग, की घरी आल्यावर नुसतं 'चहा' म्हणायचं नाही. 'टाकतेस का?' म्हणून विचारायचं. मी टाकणारच आहे.

तुझीच,
ललिताताई