खोडलेला पेशंट

३ जानेवारी २००२
पुन्हा तेच! आमच्या हिंगणीच्या डोळ्यांच्या दवाखान्याचं अख्खं पेशंट-रजिस्टर मी रोज फोनच्या तारेवरून वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवते. दोन तास लागतात. तेवढा वेळ फोन बंद. आज आमचे केंद्रप्रमुख नानाजी भडकले. "महिन्याभरात फोन मोकळा कर, नाई त कॉम्प्युटर वापस जाईन. तूही घरी." घरी म्हणजे मामानं आणलेल्या स्थळांपुढे चहाचा ट्रे. नको रे बाबा.

९ जानेवारी
अख्खं रजिस्टर कशाला? काल चार नवे पेशंट, दोघांचे पत्ते बदलले. मग सहाच ओळी पाठवायच्या! वर्ध्याचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या स्वप्निलला फोन केला. म्हणाला, प्रत्येक ओळीपुढे बदलल्याची तारीख टाक, बाकी मी इकडे बसवतो.

१४ जानेवारी
चाचणीला एक खोटा पेशंट हवा होता. घातले नानाजींनाच. उजवा डोळा दुधाळ झालाय, शिक्के उलटे मारतात, पण तपासून घेतील तर शपथ. वर्ध्याचे डॉक्टर बुधवारी येतात, तेव्हा यांना नेमकं बँकेत काम निघतं.
लिहिलं — 'उजवा डोळा, मोतीबिंदू पक्का, ऑपरेशन तातडीचं. स्वभाव त्याहून पक्का.' टाइप करताना मोठ्यानं वाचायची माझी जुनी सवय. एकटीच हसत सुटले. पाठवलं. चार मिनिटं — फक्त चार! मग ओळ खोडून टाकली.

१५ जानेवारी
फोन मोकळा. नानाजी तीनदा रिसीव्हर कानाला लावून गेले.

२८ जानेवारी
मेले मी! वर्ध्याहून नानाजींना पत्र — ४ तारखेला ऑपरेशन, उपाशीपोटी या.
आधी अख्खं रजिस्टर जायचं, म्हणून इकडे खोडलेलं तिकडूनही पुसलं जायचं. आता फक्त बदललेल्या ओळी जातात. खोडलेली ओळ इकडे उरतच नाही, तर तिची खबर जाणार कशी? वर्ध्यात नानाजी पेशंट म्हणून ठाण मांडून बसलेत.
पत्र मलाच वाचायला लावलं. "कोणाचा उद्योग हाये हा?" मी म्हटलं, वर्ध्याची चूक असेल. साफ खोटं बोलले. ते कुरकुरत म्हणाले, "बलावलं म्हटल्यावर जा लागते."

२९ जानेवारी
दुरुस्त केलं. ओळ खोडायचीच नाही, तिच्यापुढे 'खोडली' असं लिहायचं. तोही बदलच, म्हणून तोही जातो. नानाजींची ओळ मात्र पुन्हा भरून तशीच राहू दिली — डोळा खरंच वाईट आहे, अन् जायला तयार झालेत तर जाऊ देत.

५ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन महिने गेले असते तर डोळा हातचा गेला असता. नानाजी आले की सगळं कबूल करणार आहे. नोकरी गेली तर गेली.

१८ फेब्रुवारी
नानाजी काळा चष्मा लावून आले. मी सगळं सांगून टाकलं. ते शांतपणे म्हणाले, "ठाऊक हाये मले. तू मोठ्यानं वाचत होती, मी दाराआडच होतो. भेव वाटे पोरी, आपल्या पायानं जायची हिंमत होत नोती. दोन हप्ते त्या पत्राचीच वाट पाहून राह्यलो होतो."
मग खुर्ची ओढून माझ्या स्क्रीनसमोर बसले. "आता तेवढं स्वभावाचं खोड. अन् पाठव वर्ध्याले."