बगळिणीच्या उजेडातलं बाकडं

प्रिय सई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. शाळेची खिचडी वाटून झाली, पातेली घासून झाली, आता शाळेच्याच ओट्यावर बसून लिहितेय. तू म्हणतेस, आई, एवढा एक होकार द्यायला किती ताणशील. मनिष चांगला मुलगा आहे, मला आवडतो, त्यात वाद नाही. चिंचणीच्या खोलीवर तू तापाने पडली होतीस तेव्हा तारापूरची ड्युटी टाकून तो तुला दवाखान्यात घेऊन गेला, हे मी विसरलेले नाही. तरी लग्नाआधी तीन रविवार नावं वाचतात, त्यातल्या पहिल्या वेळी, पुढच्या रविवारी उपासनेत तुमची दोघांची नावं वाचायला मी पाळकसाहेबांना अजून हो म्हटलेलं नाही. का, ते शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर टाकून देऊ नकोस, तुला ती सवय आहे.

मागच्या महिन्यात भूकंपाचा धक्का बसला, तो आपल्या तलासरीला काही नवा नाही. पत्रे वाजले, कोंबड्या ओरडल्या, आम्ही अंगणात आलो आणि परत चुलीकडे गेलो. पण या वेळी चर्चमधली बगळिणीची रंगीत काचेची खिडकी फुटली. वेदीमागची गुलाबाची तेवढी राहिली. ती आपली ल्यूथरन लोकांची खूण, म्हणून संडे स्कूलमध्ये तुम्हा पोरांकडून पाठ करून घ्यायचे. क्रूस काळा, कारण तो दुखवतो. हृदय लाल, कारण एवढं दुखूनही ते जिवंत राहतं. गुलाब पांढरा, तो आनंदाचा. मागचं निळं आशेचं, आणि भोवतीच्या सोनेरी कड्याला शेवट नाही. तू घडाघडा म्हणून मोकळी व्हायचीस. तुझा भाऊ मात्र काळ्यावरच अडायचा. काळं बरोबर मधोमध कशाला ठेवलं, हे दर्शनने मला किती वेळा विचारलं असेल.

बगळिणीची खिडकी पूर्वेच्या भिंतीत होती. मिशनच्या गोऱ्या साहेबांनी लावलेली. तो पक्षी आपल्याकडे कोणी पाहिलेला नाही, पण पांढरा, लांब चोचीचा, म्हणून बगळीण. ती चोचीने स्वतःची छाती फोडते आणि खाली तिची पिल्लं ते रक्त पितात. पाळकसाहेब सांगायचे, हा ख्रिस्त आहे, त्याने आपल्यासाठी रक्त दिलं. आपल्या बायांना त्यात आईच दिसली. सकाळच्या उपासनेला ऊन चढलं की त्या रक्ताचा लाल उजेड डावीकडच्या तिसऱ्या बाकड्यावर पडायचा. जिचं पोर फिकट, तिने पोराला घेऊन तिथे बसायचं, अशी रीतच पडली. चर्चमध्ये कधी न येणाऱ्या पाड्यावरच्या बायाही तेवढ्यासाठी यायच्या. कोणी काही विचारायचं नाही, सरकून जागा करून द्यायचे. पाळकसाहेब चिडायचे, ती काच आहे, सलाईन नाही म्हणायचे. आम्ही मान हलवायचो आणि तिथेच बसायचो.

तू माझ्या एका बाजूला पाय हलवत बसायचीस आणि दर्शन दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे, उजेडात. लाल उजेड पडला की त्याचे गाल भरल्यासारखे दिसायचे. तेवढं बघायला मी रविवारची वाट बघायचे, खोटं कशाला सांगू. बाकी आठवडाभर त्याचे डोळे पिवळे, आणि हाडं दुखायला लागली की उशी तोंडात धरून रडायचा, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. दवाखाना आम्ही सोडला नव्हता. गोळ्या चालू होत्या, रक्त चढवायला सिल्वासाला नेत होतो. डॉक्टरीणबाईंनी मला आणि तुझ्या बाबांना समोर बसवून नीट सांगितलं, हा सिकलसेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. आईकडे अर्धा, बापाकडे अर्धा. त्या दोघांना सहसा काही कळतही नाही, पोटच्या पोरात दोन्ही अर्धे एकत्र आले की ते पोर भोगतं. दर्शन गेला त्यानंतरच्या रविवारी मी वर बगळिणीकडे बघितलं आणि मला तिचा राग आला. तिचं रक्त पिऊन तिची पिल्लं जगतात. माझं रक्त घेऊन माझं पोर मेलं. त्या बाकड्यावर मी पुन्हा बसले नाही, या गुरुवारपर्यंत.

आता मंडळी म्हणतात, नवी बगळीण बसवू, खाली दर्शनचं नाव घालू. लग्न त्याच्या खिडकीसमोर होईल म्हणून तू फोनवर रडलीसही. सध्या तिथे प्लायवूड ठोकलंय, त्या बाजूला भर सकाळीही अंधार असतो.

आणि गुरुवारी मनिषची आई चर्च बघायला आली. नवशीताई नरपडच्या, या बाजूला कधी आलेल्या नाहीत, असंच मनिषने आपल्याला सांगितलं होतं ना. तुझे बाबा त्यांना वेदीजवळची जागा दाखवत होते, नवरा-नवरी कुठे उभे राहतील, पाहुणे कुठे बसतील. त्या हो हो करत होत्या. मग चालत चालत डावीकडे वळल्या आणि तिसऱ्या बाकड्यावर बसल्या. भिंतीकडे एक पोर मावेल एवढी जागा सोडून बसल्या, आणि त्या रिकाम्या जागेवर हात ठेवला. सई, तिथे आता लाल उजेड पडत नाही. नव्या माणसाला ती जागा कळायचं काही कारण नाही.

मी जाऊन शेजारी बसले आणि पोराचं नाव विचारलं. जिवली, म्हणाल्या. मनिषची धाकटी बहीण. तेव्हा जिवलीला घेऊन त्या इथल्याच पाड्यावर नातेवाइकांकडे येऊन राहायच्या, आणि कितीतरी रविवार आम्ही दोघी त्याच बाकड्यावर होतो. मी त्यांना ओळखलं नाही, त्यांनी मला नाही, कारण तिथे बसलेली बाई फक्त आपल्या पोराकडे बघायची. मनिष वसतिगृहात होता, त्याला यातलं काही कळलं नाही. जिवलीलाही दर्शनचाच आजार होता, पण बहीण काविळीने गेली, एवढंच त्याला सांगितलंय. नवशीताईंनी माझे हात धरले, पोराचं लग्न मोडेल, सांगू नका म्हणाल्या. मला त्यांची फार दया आली, पण मी शब्द दिला नाही. तू अर्धी आहेस, हे लहानपणीच्या तपासणीपासून तुला माहीत आहे आणि तू ते हसण्यावारी नेतेस. मनिष कदाचित अर्धा असेल, कदाचित नसेलही. रविवारच्या आधी त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि त्याचं रक्त तपासून घ्या. नसेल तर तुमची नावं वाचतील तेव्हा मी सगळ्यात पुढे बसेन. असेल तर डॉक्टरीणबाईंसमोर दोघं बसा, सगळं ऐका, मग लग्न करा नाहीतर करू नका, मी आड येणार नाही. आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं, तुला मी सांगितलं. आणि पाळकसाहेबांना मी कळवून आलेय, त्या खिडकीला साधी पांढरी काच बसवा, म्हणजे फिकट पोर फिकटच दिसेल, आणि दर्शनचं नाव नको. त्या बाकड्यावर दोन आया बसून गेल्या, पोरी. तिसरी म्हणून तुला तिथे बसलेली मला बघायचं नाही.

रागावलीस तरी तुझीच,
आई