पियानोच्या मागचे दोन माईक

५ जानेवारी
सकाळची गोळी लागू पडली की तासभर ह्यांचा हात कह्यात असतो. त्याच तासात पियानो. आज पल्लवीच्या पाचव्या वाढदिवसाची धून वाजवली. पोरीच्या दर वाढदिवसाला एक धून बांधली, पण कागदावर एकही उतरवली नाही. "बोटांत आहेत की," म्हणायचे. आता बोटांतच कंपवात. रेकॉर्डिंग करायचंच, ठरलं. मोबाइलवर करून पाहिलं, पियानो पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा. माईक घ्यावे लागणार.
पल्लवीला बंगळूरला एवढंच माहीत: बाबांना थोडी थरथर आहे, गोळ्यांनी बरं आहे.

८ जानेवारी
माईकचे व्हिडिओ बघून डोकं उठलं. त्या लोकांचं 'स्वस्त' म्हणजे आमच्या दोन म्हशी. शेवटी शेजारच्या गल्लीतले रफिकभाई, मंडप-साऊंडवाले, त्यांना विचारलं. म्हणाले, भजनाचा माईक इथं चालणार नाही, तो तोंडापाशी धरला तरच ऐकतो. बारके कंडेन्सर माईक घ्या, पेन्सिलीएवढे, जोडी. साध्या कंपनीचे बास झाले. माल आणायला नगरला चाललेच होते, आणून देतो म्हणाले. असा शेजार मिळाला, नशीब.

१२ जानेवारी
माईक आले. जोडले. दोन्ही मुके. रफिकभाईंनी सगळ्या वायरी बदलून पाहिल्या. हे म्हणे परत करून टाका. मग मला सोबतच्या कागदात दिसलं, ह्या माईकना वीज लागते, तिचं बटण माईक ज्या डब्याला जोडतात त्याच्यावर वेगळं. रफिकभाईंच्या मिक्सरवर ते कायम चालूच, त्यामुळे त्यांच्या ध्यानात नाही. दाबलं, आणि बाहेरच्या कोंबड्यासुद्धा कानात ओरडायला लागल्या. खूप हसलो. हे पण.

१३ जानेवारी
पहिलं रेकॉर्डिंग. भजनात पेटीला माईक चिकटवतात, तसेच लावले. पुढची फळी काढून, पट्ट्यांच्या अगदी वर. मलाही तेच बरोबर वाटलं, आमच्या कडा गावात सगळे तसंच करतात. आवाज भरदार आला. मी खूश.
ह्यांनी हेडफोन लावला. धून संपायच्या आत काढून ठेवला. मी ऐकलं. सुरांखाली टकटक. सूर लागायच्या आधी बोट पट्टीवर थरथरतं, ती नखं. एकूण एक आलेली. खोलीत बसून मला कधी ऐकू आली नव्हती. की ऐकायची नव्हती…
दुपारी नखं अगदी मांसापर्यंत कापत बसले.

१४ जानेवारी
संक्रांत. माणसं येऊन गेली. पियानो बंद.

१७ जानेवारी
गोळी घेतली, तास पेपरात घालवला. कालही तेच. माझं चुकलं की माईकचं, कुणावर चिडू? चिडले भाजीवर. करपली.

१९ जानेवारी
रफिकभाई त्यांचे माईकचे स्टँड न्यायला आले. मी स्वयंपाकघराच्या दारातच त्यांना सगळं सांगितलं. ते स्टँड न उचलता आत गेले.
"सर, माईकचं काय मनावर घेता. त्याला अक्कल न्हाई, म्होरं येईल ते गिळतो. जागा बदलून बघू."
मला व्हिडिओतलं आठवलं, उभ्या पियानोचा आवाज पाठीकडूनही निघतो. मग काय, रफिकभाईंची दोन माणसं आली, पियानो भिंतीपासून ओढला, माईक मागे हातभर लांब. उसाच्या ट्रॅक्टरांचा आवाज अडवायला खिडकीवर गोधड्या टांगल्या. हे नको नको म्हणत होते, पण स्टूल स्वतःच सरकवून घेतलं.

२० जानेवारी
नखं येत नाहीत! मधे लाकूड आहे ना. आवाज जरा गोल येतो, येऊ दे. एक धून ट्रॅक्टरवरच्या गाण्याने खाल्ली. बाकीच्या तीन सुरेख. देवा, तुझे उपकार, रफिकभाईंचे उपकार, गोळ्यांचेसुद्धा.

२४ जानेवारी
पाचव्या वाढदिवसाची धून पल्लवीला पाठवली. संध्याकाळी फोन. आनंदाने रडत होती.
"आई, बाबांचा हात बरा झाला ना गं? किती स्वच्छ वाजवलंय."
महिनाअखेर येणार होती. आता म्हणते, ऑफिसात काम खूप आहे, बाबा एवढे छान आहेत तर मे महिन्यात निवांत येते. स्पीकर चालू होता, हे समोरच. मी म्हटलं, ये सावकाश.


२६ जानेवारी
गोळी घेऊन आले, स्टुलावर बसले.
"माईक पुढं घे."
कळलं होतं, तरी विचारलं, का हो?
"पोरीला खोटं ऐकवलं आपण. लई दिवस झाकलं."
मी म्हटलं, चांगली धून कायमची राहील ना तिच्याजवळ. म्हणाले, "ती राहू दे. ही बी जाऊ दे तिच्याकडं."
फळी काढली. माईक पट्ट्यांवर. तीच धून. सगळी टकटक येत होती, दोनदा बोट घसरलं. थांबले नाहीत. मी रडले, पण लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं होतं तेव्हासारखंच वाटलं. हा माणूस माझ्या वाट्याला आला, किती चांगलं झालं.

२७ जानेवारी
सकाळी पाठवलं. सोबत काय लिहावं सुचेना. काहीच लिहिलं नाही.
दुपार. पल्लवीने ऐकल्याची खूण दिसते. फोन नाही. हे दोनदा विचारून गेले. ऑफिसात असेल, मी म्हटलं.
रफिकभाई येऊन गेले, स्टँड अजून राहू द्या म्हणाले. त्यांना चहा दिला, ह्यांनीही घेतला, कप माझ्या हाताने.
फोन वाजतोय. मी उठत होते. हे म्हणाले, थांब, मी घेतो.