माइल्ड म्हणजे किती

पुणे, ९ जानेवारी २०२४

ती. अब्बांस,
सा. सलाम वि. वि.

फोनवर तुम्ही बरं हाय म्हणता आणि फोन अम्मीकडे देता, म्हणून लिहिते. कागदाला उत्तर द्यावं लागतं. धाकट्या समिनाकडून कळलं की तुम्हाला माइल्ड अटॅक आला, डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली आणि ती नको असं तुम्हीच ठरवलंत.

माइल्ड म्हणजे किती? माझ्या जर्मनच्या वर्गात हा शब्द परवाच झाला. तिकडे त्याचा उच्चार मिल्ट. थंडी, साबण, चीज, शिक्षा, सगळ्यांना चालतो. फार पूर्वी त्याचा अर्थ दयाळू असा होता, राजाबद्दल वापरायचे. आपले मृदू आणि मऊ हे त्याचे लांबचे नातेवाईक, असं बाई म्हणाल्या. हृदय या यादीत नव्हतं.

लोभ आहेच, रिपोर्टचा फोटो पाठवावा.
आपली, तरन्नुम


चौसाळा, १३ जानेवारी

चि. तरन्नुमला अनेक दुआ.

कागद मिळाला. अम्मी इचारती, हे पोरीचं पत्र हाय का नोटीस.

माइल्ड मला कामून शिकवतीस? तीस वर्षं या दुकानात माइल्ड स्टीलचेच गेट केले. लई गुणी माल. वाकतो पण तुटत न्हाई, हातोड्यानं सरळ होतो. कडक पोलादच काचेवाणी तडकतं. डॉक्टर सोता माइल्ड म्हणला, मंग भ्यायचं कशाला? पुढच्या सोमवारी वच्छलाबाईच्या गोठ्याचे अँगल चढवायचेत. फोटो धाडत न्हाई.

माया हाय तेवढी ऱ्हाऊ दे.
तुझा अब्बा, खाजामियाँ


पुणे, १६ जानेवारी

ती. अब्बांस,
सा. सलाम वि. वि.

तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धं. एकदाच मोठा भार आला तर माइल्ड स्टील वाकून इशारा देतं. लहान भार लाखो वेळा आला तर वाकत नाही. आत चीर वाढते आणि एक दिवस तुटतं. तुम्ही याला लोखंड दमलं म्हणता. बाजारतळाच्या फाटकाची बिजागरी तुटली तेव्हा मी आठवीत होते. तुकडा माझ्या हातात देऊन चिरेची रेघ तुम्हीच दाखवलीत.

हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा हलतं. वरून बघून काही सांगता येत नाही, म्हणून तर कारखान्यात मी वेल्डिंगच्या जोडांचे एक्स-रे काढते. अँजिओग्राफी तेच आहे.

तो तुकडा अजून माझ्या टेबलावर असतो.

लोभ असावा आणि सोमवारच्या आत तारीख घ्यावी.
तरन्नुम


चौसाळा, २९ जानेवारी

चि. तरन्नुमला दुआ.

तपासून आलो. एक नळी नव्वद टक्के बंद निघाली. स्प्रिंग बसवली. माइल्ड स्टीलची हाय का म्हणून इचारलं, तर डॉक्टर म्हणला न्हाई, गंजली असती. माणूस जाणकार हाय.

तुझ्या पत्रात एक बी मऊ शब्द न्हवता. समिनानं ते दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिला वाचता आलं न्हाई. तो तुकडा आता फेकून दे.

एक अडचण हाय. डॉक्टरनं तीन महिने फक्त माइल्ड काम करा म्हणून सांगितलंय. मी दुसरं कधी केलंच न्हाई. वच्छलाबाईचे अँगल बी माइल्डचेच हायेत. तुझ्या बाईला इचारून कळव.

अब्बा


पुणे, १ फेब्रुवारी

ती. अब्बांस, सलाम.

बाईंना विचारलं नाही, अर्थ मीच ठरवला. माइल्ड काम म्हणजे खुर्चीत बसून दुसऱ्याच्या जोडातल्या चुका काढणं. रविवारी येते. वच्छलाबाईंचे अँगल मी जोडीन.

तुकडा फेकणार नाही.

माझ्यावर लोभ असावा. माझ्या वेल्डिंगवर नसला तरी चालेल.
तरन्नुम